शेऱ्याचा रकाना

चौकट एकोणीस मिलिमीटर रुंद आणि अकरा मिलिमीटर उंच होती, आणि तिच्यात काहीही नव्हतं. तिने संगणकाच्या पडद्याला लाकडी पट्टी टेकवून मोजली. मोजण्याचं तसं कारण नव्हतं. पण समोर आलेल्या गोष्टीचा अर्थ लागेनासा झाला की आधी तिची लांबीरुंदी घ्यायची, ही मापन प्रयोगशाळेतल्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीने लावलेली खोड. फिकट पिवळा रंग, कडेने करडी रेघ, आत नुसता उजेड. तिच्याखाली तशीच दुसरी. तिच्याखाली तिसरी. डावीकडे तारखा जिथल्या तिथे होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तिन्ही वेळच्या पाण्याच्या उंच्या दशांशचिन्हासकट जागेवर होत्या. फक्त उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथे जिथे आप्पांचे शब्द असायला हवे होते तिथे तिथे, ही एकोणीस बाय अकराची रिकामी खिडकी. ती पानं खाली सरकवत गेली. एकतीस वर्षांची पानं. घरातली माणसं निघून गेलेली आणि दिवे तेवढे चालू राहिलेले, असं काहीसं ते दिसत होतं.

"सापडलं?" मागच्या खुर्चीतून आप्पांनी विचारलं.

"उघडतंय, आप्पा. वेळ लागतो."

"वेळ कसला लागतो? वही हाताशी असती तर एव्हाना पान काढून तुझ्या हातात दिलं असतं. तू त्या डब्याच्या नादी लागू नकोस. माळ्यावरची ट्रंक उतरव. निळ्या पुठ्ठ्याची वही, शेवटची, बासष्टावी."

"माळ्यावर धूळ आहे. तुम्हाला खोकला होईल."

"मला कशाला, ट्रंकेला विचार खोकला होतो का." आप्पा स्वतःच्या विनोदावर हसले. त्यांच्या एका डोळ्याने संप पुकारला होता आणि दुसरा, त्यांच्याच शब्दांत, अर्ध्या पगारावर काम करत होता. सकाळी चहाच्या कपात बोट बुडवून ते अजूनही सांगत, "आज दोन मिलिमीटर कमी भरलास." भरलास म्हणत, कारण लहानपणापासून ते तिच्याशी मुलाशी बोलावं तसं बोलत आले होते.

ती गोष्ट आठ दिवसांपूर्वीची. आज ती मानकं ठरवणाऱ्या समितीच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत लांबट टेबलाशी बसली होती. समोर झाकण घातलेला पाण्याचा ग्लास होता आणि टेबलाच्या पलीकडे, तिच्या एका जुन्या वर्गमित्राच्या डाव्या हाताखाली, एक तपकिरी पाकीट होतं. पाकीट जाड होतं. चारशेक पानं असतील, असा तिने अंदाज केला आणि मग स्वतःलाच दुरुस्त केलं, तीनशे साठ ते चारशे चाळीस. वर्गमित्र कंपनीचा माणूस. एके काळी दोघं एकाच प्रयोगशाळेत एकाच तराजूवर काम करायची. तो वजनं ठेवायचा, ती आकडे लिहायची. पुढे तो त्या कंपनीत गेला, जिच्या प्रोग्रॅममध्ये जगातली बहुतेक कार्यालयं आपली पत्रं, तक्ते आणि हुकूम लिहितात, आणि ती मोजमापातच राहिली. सकाळी बसमध्ये त्याचा निरोप आला होता. "काम झालं. टिपा निघाल्या, सगळ्या. घेऊन येतोय." बस खड्ड्यातून गेली, शेजारची बाई तिच्यावर रेलली, तिने तो निरोप पाच वेळा वाचला, आणि प्रत्येक वेळी तिला 'सगळ्या' या शब्दाशी थांबावं लागलं.

आप्पा नदीवर होते. म्हणजे नोकरीला. पुलाच्या खालच्या अंगाला मोजपट्टीचा खांब, तिथे दिवसातून तीनदा जायचं, पाणी कुठल्या रेघेला लागलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. वही सरकारी. पण आप्पा घरी आले की तेच आकडे आपल्या निळ्या वहीत उतरवत, आणि दोन्ही वह्यांत शेरा न चुकता लिहीत. पाणी गढूळ. खांबाला ओंडका अडकला, काढला. उजेड कमी, दोनदा पाहिले. ती सहा-सात वर्षांची असताना त्यांच्या शेजारी बसून विचारायची, आकडा लिहिला ना, मग हे कशाला? "आकडा काय, कोणीही लिहील," ते म्हणत. "तो कसा मिळाला हे लिहिलं नाही तर तो माझा नाही, कोणाचाच नाही. बेवारशी." पुढे पदार्थविज्ञान शिकताना हीच गोष्ट तिला मोठ्या मोठ्या शब्दांत भेटली, पण त्या गढूळ वासाच्या ओटीवर ती आधीच शिकून झाली होती.

मग तो महापुराचा दिवस. सकाळचा आकडा सात मीटर चाळीस, म्हणून पूल चालू ठेवला. संध्याकाळी पूल गेला, त्यावरची नऊ माणसं गेली. चौकशी बसली. चौकशीपुढे सरकारी वहीची कार्यालयात त्याच दुपारी केलेली नक्कल आली आणि नक्कल करणाऱ्या कारकुनाने फक्त आकड्यांचे रकाने उतरवले होते. मूळ सरकारी वही पुरात भिजून लगदा झालेली. पाणी त्या सकाळी साडेआठ मीटरच्या पुढे असलं पाहिजे, असं अहवालात आलं. मोजणाऱ्याने खांबापर्यंत न जाताच आकडा भरला, असंही आलं. आप्पा सांगत राहिले की खांब पहाटेच वाहून गेला होता, मी दोरीला दगड बांधून मोजलं, आकडा अंदाजाचा आहे, खरा जास्त असणार, असा शेरा मी लिहिला होता. निळी वही दाखवली, तर चौकशीवाले म्हणाले, घरची वही हा पुरावा नव्हे. आज रात्री बसूनही लिहिता येईल. त्यांची बदली एका गोदामावर झाली. उरलेली नोकरी त्यांनी पोती मोजली, आणि त्या पोत्यांवरही शेरे लिहिले.

हे सगळं घरात इतक्यांदा सांगून झालं होतं की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण आठ दिवसांपूर्वी, पिवळ्या चौकटींकडे पाठ करून ती चहा ठेवायला उठली, तेव्हा आप्पा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मी लिहिलं होतं ना गं?"

ते तिला कधी 'गं' म्हणत नसत.

"काय, आप्पा?"

"तो शेरा. त्या दिवशीच लिहिला ना? की चौकशीनंतर घरी येऊन मी मनानेच... इतक्या वेळा बोललोय, की आता मलाच कळत नाही. डोळ्यापुढे अक्षर आणतो, तर येतं, पण ते मीच आणतो ना."

"लिहिलं होतं. मी टाइप केलंय सगळं."

"तू वाचलं होतंस?"

"वाचल्याशिवाय टाइप होतं का?"

"होतं," आप्पा म्हणाले. "मी पोती अशीच मोजायचो. वाचून दाखव मला. एकदा. मग झालं."

खरंच होतं तसं टाइप. तिला बोटं आठवत होती, कळांचा आवाज आठवत होता, खिडकीतून बाहीवर पडणारं ऊन आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी तिने रजा काढून बासष्ट वह्या संगणकात घातल्या होत्या. त्या वेळच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय नवी आली होती, आकड्यावर खूण केली की शेजारी छोटी पिवळी चौकट उघडायची, तिच्यात टीप लिहायची. तिला ती सोय फार आवडली. जणू कोणीतरी आप्पांच्या वहीकडे बघूनच ती केली होती. एकूण एक शेरा तिने त्या चौकटींत भरला. मग त्याच वर्षी घर बदललं, खोल्या लहान झाल्या, आणि बासष्ट वह्यांना कसर लागलेली. आप्पा तेव्हा इस्पितळात होते. तिने वह्या रद्दीत दिल्या. रद्दीवाल्याने त्या काट्यावर ठेवल्या, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काटा शून्यावर आणा आधी." हे वाक्य तिला गेली एकोणीस वर्षं कधीही, भांडी लावताना, दात घासताना ऐकू येत असे. ट्रंकेत त्या दिवसापासून जुन्या रजया होत्या. आप्पांना सांगायचं, असं तिने पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं. मग पुढच्या आठवड्यात. मोजमाप शिकवणारी बाई, एकाच वस्तूची एकच प्रत, तीही एकाच कंपनीला उघडता येणाऱ्या डब्यात ठेवून मूळ फेकून देते, हे तिने दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर ती हसली असती.

आधी ती दाढीकडे गेली. दाढी म्हणजे ओपन सोर्सवाल्यांचा म्होरक्या. त्या मंडळींनी फुकट प्रोग्रॅम बनवला होता, त्याची घडण कोणीही उघडून पाहावी अशी. आणि फाइल आतून कशी रचायची याचं त्यांचं मानक केव्हाच मंजूर झालं होतं. कंपनीने आता आपलं दुसरं मानक पुढे केलं होतं आणि गेली दोन वर्षं या टेबलावर त्यावरून जुंपली होती. दाढीला मत नव्हतं, फक्त निमंत्रित म्हणून बसायची परवानगी होती, आणि ती कसर तो पत्रं लिहून भरून काढी. त्याने तिची फाइल दोन दिवस उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मॅडम, टिपा आत आहेत. पण कुठल्या पद्धतीने कोंबल्यात ते त्या लोकांनी कुठेच लिहिलेलं नाही. अंदाजाने काढल्या तर अर्धे शब्द येतील, अर्धा भुसा." मग डोळे चमकवत म्हणाला, "पण केस झकास आहे! बैठकीत मांडू? म्हातारे वडील, पूर, सगळं. माणसं रडतील." तिने फाइल परत घेतली. रडणाऱ्या माणसांच्या आकड्यांत तिला आप्पांना बसवायचं नव्हतं.

मग तिने वर्गमित्राला फोन केला. तो खराखुरा खूश झाला, तेच वाईट. "अगं, किती वर्षांनी! बैठकीत तर तू माझ्याकडे बघतही नाहीस. पाठव की फाइल. आमच्याकडे तळघरात जुनी मशीनं ठेवलीयत, जुन्या प्रोग्रॅमसकट. आप्पांचं काम म्हणजे काय, मी तुमच्या घरी जेवलोय!" त्याने काही मागितलं नाही. नंतरच्या पाच दिवसांत तिने ते संभाषण प्रयोगासारखं तपासलं, एकेक शब्द वेगळा काढून, आणि कुठेही मागणी सापडली नाही. फोन ठेवल्यावर मात्र तिने कपाटातून आपली आक्षेपांची यादी काढली. कंपनीच्या मानकाचा मसुदा पाच हजार पानांचा. तो पूर्ण वाचणारी समितीत ती एकटीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचे विनोदही होत. यादीतला एकेचाळिसावा आक्षेप, पान चार हजार एकशे बारा, कलम सतरा, पोटकलम नऊ: 'या खुणेची टीप आढळल्यास ती जुन्या आवृत्तीप्रमाणे दाखवावी.' एवढंच. जुनी आवृत्ती म्हणजे कशी, ते नाही. शेजारी तिचीच दोन वर्षांपूर्वीची पेन्सिल: 'कसे?' त्या वेळी तिला हे फक्त अपुरं वाक्य वाटलं होतं. आता त्या वाक्याच्या आत तिचे वडील बसले होते.

बैठकीआधी चहाच्या टेबलाशी वर्गमित्र जवळ आला होता. "आणलंय," तो म्हणाला, पाकिटावर टिचकी मारून. "पण आत्ता देत नाही हं. मतदानाआधी पाकीट हातात दिलं तर तुझा तो दाढीवाला उद्या छापून आणेल, लाच दिली म्हणून. संपल्यावर दे-घे."

"वाचलंस?" तिने विचारलं.

"छे. दुसऱ्याचं कसं वाचू?"

"पुराच्या दिवसाचं पान आहे?"

"सगळंच आहे म्हटलं ना. काय गं, इतकी पांढरी का पडलीस? साखर घे थोडी." तो हसला, आणि मग न हसता म्हणाला, "तू नेहमी तटस्थ असतेस, ते बरं आहे. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार."

यात मागणी होती का? त्याचं कारण चोख होतं. ती त्याच्या जागी असती तर तिनेही पाकीट नंतरच दिलं असतं. आणि तरी, पाकीट मतदानाच्या पलीकडे होतं आणि ती अलीकडे. काल तिच्या साहेबांचाही फोन येऊन गेला होता. कंपनी प्रयोगशाळेला चाचणी केंद्र काढून देणार होती. "बाई, तटस्थच राहा. तटस्थ राहून कोणाचं काही वाकडं झालंय का आजवर?" समितीचा रिवाजच तसा होता. संमती द्यायला काही लागत नसे, तटस्थ राहायलाही काही लागत नसे. विरोध करणाऱ्याने मात्र तिथल्या तिथे कारण सांगायचं, ते शब्दशः इतिवृत्तात उतरायचं, आणि असा एक जरी सकारण विरोध नोंदला गेला तरी मसुदा सहा महिन्यांसाठी मागे जायचा. म्हणूनच विरोध कोणी करत नसे. याआधीच्या दोन्ही फेऱ्यांत ती तटस्थ राहिली होती. पहिल्यांदा वाचन अपुरं आहे म्हणून, दुसऱ्यांदा वाचन पूर्ण झालंय पण काय ते ठरत नाही म्हणून. आज तिसरी, शेवटची फेरी. आज पुढे गेलं की देशातली सगळी कार्यालयं आपले कागद याच साच्यात ठेवणार, जुन्या आवृत्तीप्रमाणे.

दाढी बोलून झाला. लांब बोलला, आणि अर्ध्यापर्यंत बरोबर बोलला. मग स्वातंत्र्य, मानवजात असं काहीतरी सुरू झालं आणि सिमेंटच्या मानकांवरून उसने आणलेले एक वयस्क सभासद घड्याळाला किल्ली देऊ लागले. वर्गमित्र थोडक्यात बोलला. जग हाच प्रोग्रॅम वापरतं, आम्ही फक्त जे आहे ते लिहून काढलंय, पाच हजार पानं, याहून उघडं अजून काय हवं? तोही अर्ध्यापर्यंत बरोबर होता. तिने समोरच्या ग्लासातल्या पाण्याकडे पाहिलं. एसीच्या थरथरीने पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि काठाला लागून मिटत होती. रेघ नेमकी कुठे धरायची ते ठरत नव्हतं. आप्पा म्हणायचे, पाणी हलत असलं की वरची रेघ घे, खालची घे, आणि हलत होतं असं लिही. विरोध केला तर तो तत्त्वाचा, की एका पाकिटाच्या रागाचा? दोन कारणं एकमेकांत मिसळली असतील तर त्यांना वेगळं करायला दुसरा प्रयोग करावा लागतो, आणि आयुष्यात दुसरा प्रयोग नसतो. पाकिटात तो शेरा असला, तर आप्पा आज संध्याकाळी अर्ध्या पगारावरच्या डोळ्याने भिंतीकडे बघत ऐकतील, आणि मग झालं. नसला, तर? नसला तर ती खोटं वाचून दाखवेल का? तिला धक्का बसला तो याचा, की उत्तर तिच्याकडे तयार होतं. वाचून दाखवेल. दोरीला दगड बांधून मोजले, ती वाचेल, कोऱ्या जागेवरून, न अडखळता. आणि आप्पांच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक आकडा खरोखरच बेवारशी होईल.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि यादी पुढे ओढली. निवृत्त अभियंता, विनोदी माणूस. टेबलाच्या त्या टोकापासून एकेक नाव नव्हे तर एकेक खातं पुकारलं जाऊ लागलं. संमती. संमती. संमती, पण आकार जरा कमी करता आला असता. तटस्थ. सिमेंटवाले सभासद म्हणाले, "संमती, आणि जेवणाची सुट्टी." सगळे हसले. वर्गमित्राचा तळहात पाकिटावर सपाट होता. बोटं जुनीच, वजनं उचलणारी. चिमट्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही, बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. त्याने मान वर केली आणि तो तिच्याकडे बघून ओळखीचं हसला, जुन्या दिवसांतलं. त्याला खरंच काही माहीत नसेल. तो खरंच चांगला माणूस असेल. आणि तरी उद्या तो नसेल, तळघरातलं मशीन नसेल, आणि कोण्या एका घरातली कोणी एक मुलगी कोणाला फोन करेल?

"मापन प्रयोगशाळा," अध्यक्ष म्हणाले. "काय बाई, यंदाही तळ्यात-मळ्यात?" खोलीत पुन्हा हसू फिरलं. अध्यक्षांनी तिच्या उत्तराची वाट न पाहता पेन टेकवलं होतं आणि 'त' काढूनही झाला होता.

ग्लासावरचं झाकण तिने सरळ केलं. पाणी प्यायला ती थांबली नाही.

"विरोध," ती म्हणाली.

पेन थांबलं. दाढी खुर्चीत पुढे सरकला. वर्गमित्राच्या चेहऱ्यावरचं हसू निघून जायला विसरल्यासारखं तिथेच राहिलं.

"कारण लागेल, बाई," अध्यक्ष हळू म्हणाले. "माहीत आहे ना?"

"आहे. घ्या लिहून. कलम सतरा, पोटकलम नऊ. टीप जुन्या आवृत्तीप्रमाणे दाखवा म्हटलंय. जुन्या आवृत्तीप्रमाणे म्हणजे कसं, ते लिहिलेलं नाही. ते लिहून द्या, माझा विरोध मागे." तिचा आवाज तिला परका आणि स्थिर वाटला, दुसऱ्या कोणी वाचून दाखवत असल्यासारखा. "पुढे लिहा. समोरच्या त्या पाकिटात माझ्या वडिलांच्या नोंदी आहेत. त्या याच कलमापाशी अडकल्या होत्या आणि मी त्या या गृहस्थांकडून खासगीत सोडवून मागितल्या. त्यांनी बदल्यात काही मागितलेलं नाही. मूळ वह्या मी रद्दीत दिल्या. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, आज सांगणार आहे."

"हे सगळं इतिवृत्तात?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेऱ्याच्या रकान्यात," ती म्हणाली. "आणि नक्कल करताना गाळू नका."